मदत हवी आहे: पाठीवरची चरबी कमी करायला नर कोणता ठेवू?

तिवसा_वराह: यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या माद्या आहेत. ९० किलोच्या मालाच्या पाठीवर जाड चरबी निघते, व्यापारी भाव पाडतो. घरच्याच पिल्लांतला नर ठेवायचाय, याच आठवड्यात खच्चीकरण आहे. लवकर सांगा.

मोर्शीकर: भाऊ, ९० किलोला किती महिने लागतात? खाद्य काय? सध्याचा नर कुठचा?

तिवसा_वराह: साडेआठ महिने. हॉटेलचं उरलेलं आणि कोंडा. पिल्लं पंधरा दिवसांची आहेत, चांगली गुबगुबीत.

भिवापुरी: पिएट्रेन जातीचा नर आणा, सगळ्यात कमी चरबी. विषय संपला.

मोर्शीकर: विषय कसा संपला? त्या जातीत हॅलोथेन जनुक, म्हणजे ताण सहन न होण्याचा आनुवंशिक दोष, बरंच आढळतं. आपल्या ४५ अंशांत गाडीत चढवतानाच जनावर ताणाने मरतं, नाहीतर मांस फिकट आणि पाणचट निघतं. जनुकाची तपासणी झालेला नर मिळाला तरच बोला.

धानपट्टा: आधी खाद्य पाहा. भात-पोळी-तेलात ऊर्जा भरपूर, लायसीन (मांस वाढवायला लागणारा प्रथिनांचा घटक) कमी, म्हणून चांगल्या रक्ताचं जनावरही चरबीच धरतं. मका, सोयाबीनची ढेप, खनिज मिश्रण द्या. ५० किलोपर्यंत १८ टक्के प्रथिनं, पुढे १६. हॉटेलचं द्यायचंच असेल तर उकळून, स्वाइन फीवरची भीती आहे. आणि पंधरा दिवसांच्या पिल्लावरून पाठीची चरबी कळत नाही. चांगल्या चार वेतांतले दोन-दोन नर तसेच ठेवा, एकाच खोलीत पोटभर चारा. ९० किलोला शेवटच्या बरगडीवर, कण्यापासून साडेसहा सेंटीमीटरवर अल्ट्रासाऊंडने जाडी मोजा. त्यांची तुलना खच्ची केलेल्यांशी करू नका, ते जास्त चरबी धरतातच. चरबीचा गुण ४०-५० टक्के आनुवंशिक, वाढीचा ३०च्या आसपास. पाय सरळ आणि सडांच्या सात जोड्या हव्यातच.

भिवापुरी: उरलेल्या, खच्ची न केलेल्या नरांच्या मटणाला वास येतो, ते कोण घेईल?

धानपट्टा: म्हणूनच आठ म्हटलं, सगळे नाही. मागे पडणारे पाच महिन्यांतच काढायचे.

कारंजा१९: शेडवर फॉगर लावा. मे महिन्यात नर तापला की पुढचे पाच-सहा आठवडे माद्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात.

मोर्शीकर: फॉगरचं कोणी विचारलं? नर कुठचा, ते अजून सांगितलं नाही.

तिवसा_वराह: घरचाच. माद्या त्याच्याच आहेत.

मोर्शीकर: मग ही पिल्लं बाप-लेकीच्या मेळाची. यातला एकही ठेवू नका, सगळे खच्ची करा. वाढ मंदावण्यात याचाही हात आहे. नर बाहेरचा, वजनाची नोंद असलेल्या कळपातला आणा आणि ३० दिवस वेगळ्या शेडात ठेवा.