अपघात शिनोळीजवळ, घर खानापूर तालुक्यात: भरपाईचा दावा कोठे आणि कसा करावा?

प्रश्न (खानापूर तालुक्यातील वाचक)

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून फरशी बसवण्याचे काम करतो. गेल्या महिन्यात तो बेळगाव–वेंगुर्ले मार्गाने कामावर जात असताना शिनोळीच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने त्याच्या दुचाकीला धडक दिली. मांडीचे हाड मोडले, गुडघ्यालाही इजा झाली. बेळगावात शस्त्रक्रिया करून सळई बसवली आहे. गुन्हा चंदगड पोलीस ठाण्यात नोंद झाला असून मोटार महाराष्ट्रातील नोंदणीची आहे.

मोटारमालक ८० हजार रुपये रोख देण्यास तयार आहेत, परंतु ‘पूर्ण भरपाई मिळाली, यापुढे कोणतीही मागणी नाही’ असे मुद्रांकावर लिहून मागतात. आईचे म्हणणे असे की कोर्टाची पायरी नको, मिळते ते घ्यावे. दावा करायचा झाल्यास महाराष्ट्रातील कोर्टात खेटे घालावे लागतील का? भावाच्या वाहन परवान्याची मुदत संपलेली होती आणि रोजंदारीच्या कामामुळे उत्पन्नाचा एकही कागद नाही, यामुळे दावा बाद होईल का? रुग्णालयात भेटलेले एक गृहस्थ ‘सगळे मी पाहतो, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा द्या’ असे म्हणतात. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (बेळगाव, अपघात दाव्यांचे काम पाहणारा वकील)

प्रथम एवढेच सांगतो की त्या मुद्रांकावर सही करू नका. मांडीचे हाड जुळले की नाही, गुडघा किती वाकतो, सळई काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज कोणा डॉक्टरांजवळ नाही. नुकसान किती हेच ठरलेले नसताना भरपाई पूर्ण मिळाली असे लिहून देणे भावाच्या हिताचे नाही.

दाव्यासाठी महाराष्ट्रात जाण्याची गरज नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ नुसार अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी अर्जदाराच्या पसंतीच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयापुढे, अर्ज करता येतो. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे; कामधंदा एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, ही तर येथील रोजचीच गोष्ट. कर्नाटकात ज्येष्ठ दिवाणी न्यायाधीशांची न्यायालयेही अतिरिक्त दावा न्यायाधिकरण म्हणून काम पाहतात, त्यामुळे आपले काम आपल्याच जिल्ह्यात होईल. मोटारमालक आणि त्यांची विमा कंपनी दोघांनाही प्रतिवादी करावे. अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली ही मर्यादा अजूनही अनेकांना ठाऊक नसते, म्हणून तडजोडीच्या बोलण्यात महिने जाऊ देऊ नयेत.

आता कागद. प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, नकाशा, वाहनांचा तपासणी अहवाल, जखम प्रमाणपत्र आणि पुढे दोषारोपपत्र यांच्या प्रमाणित प्रती चंदगडहून घ्याव्या लागतील. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणास व विमा कंपनीस कळवावा असा केंद्रीय नियम आहे. तो पाठवला का, हे त्याच वेळी विचारावे. रुग्णालयाने बेळगाव पोलिसांना दिलेली सूचना आणि त्यावर झालेला कानडी पत्रव्यवहारही मिळवून वाचून घ्या, कानडी येत नसेल तर वाचून घेण्यास कोणाला तरी बसवा. रुग्ण दाखल होताना घाईत ‘दुचाकीवरून घसरून पडला’ असे लिहिले गेले असेल, तर मोटारीचा संबंधच नव्हता असा युक्तिवाद विमा कंपनी त्याच एका ओळीवर उभा करते. तशी नोंद असल्यास शुद्धीवर आल्यानंतरचा भावाचा जबाब आणि प्रत्यक्षदर्शींचे जबाब तपास अधिकाऱ्यांकडे आताच नोंदवून घ्यावेत. चंदगडचे कागद मराठीत असतील. येथील कोर्टासाठी त्यांचे इंग्रजी किंवा कानडी भाषांतर जोडावे लागेल. मराठी, कानडी आणि इंग्रजी कागदांत नाव व आडनाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेले असेल, तर नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रही हवे.

परवान्याची मुदत संपली होती म्हणून दावा बाद होत नाही. भाऊ येथे जखमी त्रयस्थ पक्ष आहे, म्हणजे मोटारीच्या विमा कराराबाहेरचा माणूस, आणि चूक मोटारचालकाची असल्यास केवळ परवान्याअभावी भावाचाही निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. परवान्याचा प्रश्न मोटारचालकाच्या बाबतीत निघाल्यास न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश देते.

उत्पन्नाचा पुरावा नसेल तर कर्नाटकात राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या तक्त्याप्रमाणे, अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षासाठीचे काल्पनिक मासिक उत्पन्न धरण्याचा प्रघात आहे. तरीही ज्या ठेकेदारांकडे किंवा घरमालकांकडे काम केले त्यांची साक्ष आणि बँकेत किंवा फोनवरून जमा झालेल्या मजुरीच्या नोंदी जोडाव्यात.

तिसरा हिस्सा मागणाऱ्या गृहस्थांना स्पष्ट नकार द्या. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलालाही वर्ज्य आहे, मध्यस्थाची तर गोष्टच सोडा. फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

उत्तर (निपाणी)

दादा, माझ्या पतींचा असाच दावा नुकताच निकाली निघाला आहे, म्हणून एकच मुद्दा सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक फरक त्यानेच पडला.

डॉक्टर जे टक्के लिहून देतात ते अवयवाचे असतात. न्यायालये संपूर्ण शरीराचे अपंगत्व धरताना त्याचा साधारण एक तृतीयांश घेतात. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शरीर किती निकामी झाले एवढेच न पाहता त्या माणसाची कमावण्याची शक्ती किती गेली हे पाहावे. फरशी बसवणारा माणूस दिवसभर उकिडवा बसतो. गुडघा पूर्ण दुमडत नसेल तर दुकानात बसणाऱ्या माणसाचे थोडेसे नुकसान होईल, आपल्या भावाचा मात्र धंदाच बसेल. हे न्यायाधीशांसमोर शब्दांत आले पाहिजे.

समजा मासिक उत्पन्न १५ हजार धरले. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवून २१ हजार होतात. ३४ वर्षे वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १६ आहे. वर्षाचे २,५२,००० गुणिले १६, म्हणजे ४०,३२,०००. यावर केवळ संपूर्ण शरीराचे अपंगत्व म्हणून समजा १२ टक्के धरले तर ४,८३,८४० रुपये होतात आणि कमावण्याची हानी ४० टक्के मान्य झाली तर १६,१२,८०० रुपये. उपचारखर्च, वेदना, घरी बसून काढलेले महिने आणि पुढील शस्त्रक्रिया यांची रक्कम वेगळी. मालक देऊ करतात ते ८० हजार या हिशोबासमोर ठेवून आईंना दाखवा.

यासाठी ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांचीच साक्ष व्हावी, असा आग्रह धरा. आमच्या बाजूने आधी केवळ प्रमाणपत्र दाखल झाले होते आणि उलटतपासणीत ते टिकेल अशी खात्री कोणालाच वाटत नव्हती. डॉक्टर स्वतः आले, क्ष-किरण चित्रे दाखवून त्यांनी सांधा कोठे अडतो ते समजावले, तेव्हा चित्र बदलले. हाड जुळण्यापूर्वी अपंगत्वाची तपासणी करून घेऊ नका. अर्ज मात्र आधी दाखल करा, तपासणी नंतर होऊ शकते.

प्रश्नकर्त्याचे पुढचे विचारणे

दोघांचाही मनापासून आभारी आहे. अडचण अशी की शस्त्रक्रियेसाठी सोसायटीचे कर्ज काढले आहे आणि हप्ते सुरू झाले आहेत. विमा कंपनीचा माणूसही घरी येऊन गेला. बिनदोष भरपाईचे अडीच लाख लवकर मिळतील असे तो म्हणाला. ते घेतले तर उरलेले नंतर मागता येतील का?

उत्तर (बेळगाव, वरील वकील)

येथे फार सावध राहावे. गंभीर दुखापतीसाठी चूक कोणाची हे सिद्ध न करता २,५०,००० रुपये देण्याची तरतूद कलम १६४ मध्ये आहे, हे खरे. परंतु कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. ती काही पहिला हप्ता नव्हे. ज्याची चूक सिद्ध करणे अवघड आहे किंवा ज्याची इजा पूर्ण बरी झाली आहे, त्याने हा मार्ग घेणे शहाणपणाचे ठरू शकते. आपल्या प्रकरणात मोटार चुकीच्या बाजूला होती हे पंचनाम्यात आले असेल, तर मी तो घेण्याचा सल्ला देणार नाही.

हप्त्यांपुरती सोय म्हणून मोटारमालकांची खरोखर मदतीची इच्छा असल्यास त्यांनी रक्कम बँकेतून द्यावी आणि पावतीवर ‘उपचारासाठी मदत’ एवढेच लिहावे. त्यावर त्यांनी नकार दिला, तर ते पैसे उपचारासाठी नव्हते हे आपल्याला कळेल. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत विमा कंपनीशी तडजोड करण्याचा मार्ग खुला राहतो आणि त्याने बराच काळ वाचतो. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, तर न्यायाधिकरणाचा निर्णय मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे जाता येते. म्हणून डॉक्टरांची साक्ष किंवा निदान लेखी अंतिम मत हाती आल्यावरच लोकअदालतीत बसावे. रुग्णालयाची मूळ बिले कोणाच्याही हवाली करू नयेत, विमा कंपनीच्या माणसाने मागितल्यास फक्त झेरॉक्स द्यावी.