जागेवर ठेवलेली चावी जागेवर का सापडत नाही?

पेठेतील सून

नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि वर लाकडी माळा अशी त्याची जुनी बांधणी असून त्यात सासूबाई, मामंजी, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे राहतो. गेल्या तीन आठवड्यांपासून माजघरातील लोखंडी कपाटाची चावी सापडत नाही. त्या कपाटात सासूबाईंचा साज, घराची कागदपत्रे आणि मुलांचे दाखले आहेत, आणि नणंदेच्या मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आलेले आहे. आपल्यापैकी अनेक जण विचारतील की दुसरी चावी नाही का. आहे, परंतु ती हरवू नये म्हणून मामंजींनी त्याच कपाटाच्या आतील कप्प्यात ठेवलेली आहे.

मला स्पष्ट आठवते की त्या दिवशी संध्याकाळी मी कपाट लावले, सोप्यात आले आणि दाराशेजारच्या खुंटीवर नेहमीप्रमाणे चावी अडकवली. घरात यावर कोणाचाही विश्वास नाही. आम्ही तांदळाचा डबा उपसला, गाद्या उलट्या केल्या, देव्हाऱ्यामागचा कोनाडा झाडला आणि कचऱ्याचा डबासुद्धा कागदावर ओतून पाहिला. या शोधात दोन नेलकटर, गॅसचा जुना लायटर, धाकट्याची गेल्या वर्षी हरवलेली कंपासपेटी आणि सासूबाईंनी ‘चोरीला गेला’ म्हणून सोडून दिलेला आडकित्ता एवढा ऐवज सापडला, परंतु चावी सापडली नाही. आमच्याकडे हे केवळ एका चावीपुरते नाही. रोज सकाळी कात्री, रिमोट, मोबाइलचा चार्जर किंवा दुचाकीची किल्ली यांपैकी काहीतरी नाहीसे होते, घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दिवसाची सुरुवात आवाज चढवून होते. असे का होते, आणि आपल्या घरी यावर काय करतात, हे कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षक

ताई, मी एका महाविद्यालयात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे लांबण लागले तर क्षमा करावी.

आपण ज्याला विसरणे म्हणतो ते बहुतेक वेळा विसरणे नसतेच. विसरण्यासाठी ती गोष्ट आधी मनात नोंदली जावी लागते, आणि चावी ठेवताना आपले लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे, दारात आलेल्या माणसाकडे किंवा मुलाच्या गृहपाठाकडे असेल तर हात आपले काम करून मोकळा होतो आणि मनात त्याची नोंदच होत नाही. जे लिहिलेच नाही ते वाचणार कोठून? म्हणून डोके कितीही खाजवले तरी उत्तर येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला कदाचित रुचणार नाही. ‘मी खुंटीवर अडकवली हे मला स्पष्ट आठवते’ असे आपण म्हणता, परंतु ती कृती आपण हजारो वेळा केलेली आहे. रोजच्या कृतींच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात आणि त्या विशिष्ट संध्याकाळची आठवण पुसट असेल तर मन नेहमीच्या सवयीचे चित्र तेथे बसवते. आपण खोटे बोलत आहात असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याला दिसणारे चित्र मात्र कदाचित दुसऱ्याच एखाद्या दिवसाचे असावे.

उपाय म्हणून दोन गोष्टी करून पाहाव्यात. बॅडली आणि गॉडन यांनी १९७५ साली पाणबुड्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना किनाऱ्यापेक्षा पाण्याखालीच अधिक आठवले. म्हणजे आठवण ज्या परिस्थितीत घडली त्या परिस्थितीशी ती बांधलेली असते. तेव्हा त्याच वेळी, संध्याकाळच्या त्याच उजेडात, हातात जे होते ते घेऊन कपाटापासून पुन्हा चालत यावे. मध्ये दार येते तेथे विशेष लक्ष द्यावे, कारण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर हातातील कामाचा विसर पडण्याचे प्रमाण वाढते, असे रॅडव्हान्स्की यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले होते. दुसरे असे की शोधताना वस्तूचे नाव तोंडाने उच्चारावे. ‘चावी, चावी’ असे पुटपुटत फिरणारी माणसे वेडगळ दिसतात खरी, परंतु जिचे रूप आपल्या परिचयाचे आहे अशी वस्तू नाव उच्चारल्याने लवकर नजरेस पडते, असे ल्युपियन आणि स्विंगली या संशोधकांना आढळले आहे.

कुंभार गल्ली

मास्तरांचे म्हणणे मान्य आहे, पण माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. निष्काळजीपणे ठेवलेल्या वस्तू आज ना उद्या पायात येतात. अतिशय काळजीपूर्वक ठेवलेल्या वस्तू मात्र कायमच्या जातात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शाहूपुरीतील गल्लीत शिरले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे आम्हाला पाठ असतात, आणि त्यामुळेच त्या वर्षी आम्ही गाफील राहिलो, कारण पाणी ५५ फुटांच्याही वर जाईल असे कोणाच्याच मनात आले नव्हते. शेवटच्या दोन तासांत घरातील प्रत्येकाने आपल्या बुद्धीला जे मोलाचे वाटले ते उचलून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेले. आईने दागिने पिठाच्या डब्यात घातले, वडिलांनी खरेदीखत प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून एका गोणीत टाकले, आणि माझ्या भावाने दहावीचे प्रमाणपत्र मिक्सरच्या मोठ्या भांड्यात गुंडाळी करून बसवले, कारण त्याचे झाकण घट्ट बसते. विचार अगदी बरोबर होता. पाणी ओसरल्यावर, चिखल काढून झाल्यावर आणि सामान परत आल्यावर लक्षात आले की कोणी काय कोठे ठेवले हे कोणी कोणाला सांगितलेलेच नव्हते. प्रमाणपत्र चटणी वाटायला घेतली त्या दिवशी मिळाले. खरेदीखताची गोणी रद्दीत जाता जाता वाचली. कुकरची शिट्टी आजतागायत मिळालेली नाही.

याचे कारण मला असे वाटते की सुरक्षित जागा ही नेहमीची जागा नसते, म्हणून हात तिकडे आपोआप वळत नाही. त्या पुरानंतर आम्ही एक नियम केला. महत्त्वाची वस्तू नेहमीच्या जागेवरून हलवली तर ती कोठे ठेवली हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहायचे आणि मोबाइलमध्ये त्या जागेचे छायाचित्र काढून घरच्या गटावर टाकायचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा या छायाचित्रांचा फार उपयोग झाला. ताईंच्या मामंजींनी चावी कपाटात ठेवली, ती याच जातीची काळजी आहे, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नये.

दुचाकीवाला

किल्लीला लावायचे ब्लूटूथ टॅग मिळतात, ते घ्यावेत. मोबाइलवरून आवाज दिला की टॅग वाजतो. अ‍ॅपल कंपनीचा असा टॅग, एअरटॅग, २०२१ मध्ये बाजारात आला आणि आता इतर कंपन्यांचे स्वस्त टॅगही मिळतात. मात्र दोन गोष्टी आधीच सांगतो. घरात याचा पल्ला साधारण दहा मीटरच्या आसपास धरावा आणि पेठेतील जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळे तो आणखी कमी होतो. शिवाय त्यातील नाण्याएवढा सेल संपला की टॅग मुका होतो. दुचाकीच्या किल्लीसाठी मी तो वापरतो आणि समाधानी आहे. कात्री आणि आडकित्त्याला टॅग लावणे मात्र मला जमलेले नाही.

शोधणारी

वरील सर्व प्रतिसाद वाचले. ते ज्ञानपूर्ण आहेत, परंतु एक गोष्ट कोणीच विचारली नाही, ती अशी की घरात शोधण्याचे काम कोण करते.

आमच्या राजारामपुरीतील घरात वस्तू सर्वांच्या हरवतात आणि त्या शोधण्याचे काम माझ्या एकटीचे असते. ‘आई, माझे मोजे कोठे आहेत?’, ‘अगं, माझे लायसन्स पाहिलेस का?’, ‘सूनबाई, माझी चंची दिसत नाही’, या प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक असतात, कारण प्रत्येकाने जेथे टाकली तेथून ती वस्तू मी उचललेली असते. म्हणजे घराची स्मरणशक्ती एकाच डोक्यात साठवून ठेवलेली आहे आणि उरलेले सर्व जण निर्धास्त आहेत. गेल्या वर्षी बहिणीच्या आजारपणामुळे मी आठ दिवस इचलकरंजीला होते, तेव्हा मला घरून जे फोन आले त्यांतील निम्म्याहून अधिक फोन बहिणीच्या प्रकृतीची चौकशी करण्यासाठी नव्हते, तर गाळणी, बँकेचे पासबुक आणि गॅसचे पुस्तक यांच्यासाठी होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, परंतु तो वळसा दर वेळी कोणाला घालावा लागतो हेही पाहावे.

ताई, आपल्या चावीबद्दल माझे मत मास्तरांपेक्षा वेगळे आहे. आपण खुंटीवर अडकवली म्हणता ना, मग अडकवली असेल. सहा माणसांच्या घरात ठेवणारा एक असतो, हलवणारा दुसरा असतो आणि हलवणाऱ्याला आपण काही हलवले हे ठाऊकच नसते. म्हणून ‘चावी पाहिली का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी एकेकाला बसवून विचारावे की त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सोप्यात तुम्ही कशाला हात लावला, काय अडकवले, काय काढले. चावीचे नावही घेऊ नये.

वाडीचा वारकरी

आमच्याकडे वस्तू हरवली की आजी श्लोक म्हणून कार्तवीर्यार्जुनाचे स्मरण करायला सांगत असे. हा सहस्रबाहू राजा दत्तात्रेयांचा भक्त, आणि त्याचे नाव घेतले की गेलेले परत मिळते अशी श्रद्धा आहे. आम्ही दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारे असल्याने घरात या श्लोकावर विशेष भरवसा आहे. श्लोकाने वस्तू सापडते की नाही यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु आजी आम्हाला तो अकरा वेळा, डोळे मिटून आणि एका जागी बसून म्हणायला लावत असे, आणि तेवढा वेळ घरातील आरडाओरडा थांबत असे. संतापलेला माणूस एकच उशी पाच वेळा उचलून पाहतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पेठेतील सून

सर्वांचे मनापासून आभार. चावी सापडली आहे, आणि ती कशी सापडली हे सांगणे मला भाग आहे.

प्रथम मी शिक्षक काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस संध्याकाळी कपाटापासून सोप्यापर्यंत चालून पाहिले. प्रत्येक वेळी माझा हात त्या खुंटीकडेच गेला, आणि तिसऱ्या दिवशी मुले माझ्यामागून ‘चावी, चावी’ म्हणत रांगेने चालू लागल्यावर मी तो नाद सोडला. नंतर ‘शोधणारी’ ताईंचा प्रश्न घेऊन एकेकाजवळ बसले. यजमानांनी काही हलवले नव्हते, मुलांना त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. मामंजी म्हणाले, ‘मी सोप्यातले काही उचलले नाही. उलट वळवाच्या पावसातून आलो तेव्हा माझी छत्री खुंटीवर टांगली, आणि वाळल्यावर माळ्यावर ठेवली.’

त्यांची छत्री जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची आणि वाकड्या मुठीची आहे. ती त्याच खुंटीवर, माझ्या चावीच्या पुढ्यात, पट्टी न बांधता टांगली गेली होती. मूठ काढताना चावी खुंटीवरून निसटून कापडाच्या घडीत पडली असावी. नंतर त्यांनी छत्री गुंडाळली, पट्टी बांधली आणि शिडीवरून माळ्यावर पोहोचवली. मी माळ्यावर जाऊन छत्री उघडली तेव्हा चावी फळीवर पडली आणि तिचा आवाज खाली सासूबाईंना ऐकू गेला.

दुर्दैवाने आदल्याच दिवशी आम्ही चावीवाल्याला बोलावले होते. तो कोरी चावी कुलपात फिरवून तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहात आणि कानसीने घासत सुमारे तासभर बसला होता, आणि त्याने नवी चावी करून कपाट उघडून दिले होते. त्याची मजुरी गेली ती गेली, परंतु साज वेळेवर हाती आला.

निवृत्त शिक्षक

ताई, आपली आठवण खरी होती आणि माझे निदान चुकले. आपल्या घरच्यांसमोर माझा हा प्रतिसाद अवश्य वाचून दाखवावा. माझ्या बचावासाठी एवढेच म्हणतो की मामंजींच्या बाबतीत ते लागू पडले: छत्री काढताना त्यांचे लक्ष चावीकडे नव्हते, म्हणून त्यांच्या मनात नोंद झाली नाही.

पेठेतील सून

काका, वाचून दाखवला. मामंजींना तो पटलेला नाही. आता एकाच कपाटाच्या तीन चाव्या झाल्या आहेत. एक खुंटीवर आहे, एक माझ्या माहेरी ठेवायला दिली आहे, आणि तिसरी मी एखाद्या सुरक्षित ठिकाणी ठेवतो असे मामंजी म्हणत होते, तेवढ्यात सासूबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या पदराला बांधली.