मदत हवी आहे : पावडर हवेवर उचलतच नाही, व्हायब्रेटर घेऊ की स्पीकर?

घाईत_आहे
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. फ्लुइड बेडमध्ये (उभा कॉलम, खालून हवा सोडून पावडर तरंगती ठेवायचा) बारीक पावडर भरली आहे. हवा सोडली की एका कडेला भोक पडतं आणि सगळी हवा तिथूनच पसार होते, बाकी माल ढिम्म. हवा वाढवली तर अख्खा गठ्ठा दट्ट्यासारखा वर सरकतो आणि धाडकन खाली बसतो. अशा पावडरला बाहेरून जोर द्यावा लागतो असं वाचलं : कंपन, आवाज, चुंबक, वीज. यातलं काय घेऊ? या आठवड्यात ऑर्डर टाकायची आहे. थिअरी नको, सरळ सांगा.

चाळणीवाला
कुठली पावडर? किती मायक्रॉन? कॉलम केवढा, माल किती, हवा किती?

घाईत_आहे
कॅल्शियम कार्बोनेट. बारीक आहे, वर लिहिलंय की.

चाळणीवाला
अहो, 50 मायक्रॉनही बारीक आणि 5 मायक्रॉनही बारीक. पहिली गुमान उचलते. दुसरी गेल्डार्टच्या 1973 च्या पावडरींच्या वर्गीकरणात सी गटात, म्हणजे चिकट बारीक पावडरींत जाते आणि रडवते. व्यास दहा पट कमी झाला की कणाचं वजन हजार पट घटतं, एकमेकांना चिकटण्याचं बळ मात्र जेमतेम दहा पट.

ध्वनिवेडा
स्पीकर. डोळे झाकून स्पीकर. कॉलमच्या टोकाला बसवा, 100 हर्ट्झच्या आसपास ठेवा, 130 डेसिबलच्या वर न्या, गुठळ्या फुटतात. मालाला काही शिवत नाही, काही झिजत नाही. मी सिलिकाच्या नॅनोपावडरवर हेच वापरतो.

फिरतीवर
130 डेसिबल? कानात बोळे घालून प्रयोग करता की काय?

ध्वनिवेडा
कॉलम बंद असतो हो. बाहेर बराच कमी येतो. तरी इअरमफ लावतोच.

फिरतीवर
आमच्याकडे एक सायरन तपासणारा होता, त्याला आता फोनची रिंग ऐकू येत नाही. आधी डेसिबल मीटर घ्या, मग स्पीकर.

घाईत_आहे
विषय भरकटतोय. 5 मायक्रॉन, 15 सेंमी व्यासाचा अ‍ॅक्रिलिक कॉलम, 5 किलो माल, हवा 60 लिटर/मिनिट. आता सांगा.

मॅनोमीटर
दाब किती दिसतोय? तळाच्या भोकांच्या प्लेटच्या (जिच्यातून हवा आत येते) खालून घेताय की वरून?

घाईत_आहे
खालून. 170 मिमी पाणी. रिकाम्या प्लेटचा एवढ्याच हवेला 30.

मॅनोमीटर
म्हणजे बेडचा 140. आता 5 किलोचं वजन भागिले कॉलमचं क्षेत्रफळ करा, साधारण 2800 पास्कल, म्हणजे 283 मिमी पाणी. हवेने सगळा माल पेलला असता तर मॅनोमीटरने एवढा आकडा दाखवला असता. तुमचा निम्मा येतोय. निम्मा भार अजून प्लेटवर आणि भिंतींवरच टेकलाय.

दुसरं, हवा वाढवू नका. 60 लिटर म्हणजे कॉलममध्ये सेकंदाला 57 मिमी वेग. 5 मायक्रॉनचा सुटा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे 2 मिमीनेच खाली येतो. माल सुटा असता तर एव्हाना फिल्टरमध्ये गेला असता. तो जागेवर बसलाय याचाच अर्थ गुठळ्या आहेत.

कोरडे_हवामान
कॉम्प्रेसरची हवा आहे का? तेल येतं का? ड्रायर आहे का? ओल असेल तर कणाकणांत पाण्याचे पूल होतात, आणि हवा फारच कोरडी असेल तर अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साचून माल भिंतीला चिकटतो. प्लेट आणि सगळे धातूचे भाग अर्थ केलेत ना?

बिनवाला
माझ्या अनुभवानुसार बिनमधून पावडर पडत नसेल तर खालच्या कोनाचा उतार वाढवावा आणि आतून गुळगुळीत पत्रा लावावा. हमखास फरक पडतो.

चाळणीवाला
बिनचा प्रश्न कुणी विचारलाय?

सोपा_उपाय
एवढा खटाटोप कशाला? एक टक्का फ्यूम्ड सिलिका मिसळा. तिचे इवले कण मोठ्या कणांच्या मध्ये जाऊन बसतात, अंतर वाढतं, चिकटणं कमी होतं. ना मोटर, ना आवाज.

घाईत_आहे
बाहेरचं काहीही मिसळायचं नाही. कोटिंगची ट्रायल आहे, पृष्ठभाग जसा आहे तसाच हवा. म्हणून तर बाहेरून जोर द्यायचं विचारलं.

सोपा_उपाय
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

चुंबकप्रेमी
मग एक-दोन मिमीचे चुंबकाचे तुकडे टाकून बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र द्या. ते आत गरगरतात आणि गुठळ्या फोडतात. तुमचा माल चुंबकीय नसला तरी चालतं.

चाळणीवाला
आणि त्या तुकड्यांची झीज पांढऱ्या पावडरमध्ये? काहीही मिसळायचं नाही म्हणालेत ते. एवढ्या मालाला कंपनच बरं. स्पीकरला माझी ना नाही, पण 5 किलो सैल माल या कॉलममध्ये अर्ध्या मीटरच्या वर उभा राहतो. वरून दिलेला आवाज तळापर्यंत पोचता पोचता मरतो, आणि भोकं तर तळापासून सुरू होतात.

ध्वनिवेडा
खालून देता येतो आवाज. उथळ बेडला तर स्पीकरसारखं काही नाही.

चाळणीवाला
उथळ बेडला मान्य. घाईत_आहे, आधी 2 किलोच भरा, तोही चाळून. प्लेटचा 30 मिमी फार कमी आहे, बेडच्या निदान तिसरा हिस्सा हवा, नाहीतर हवा सोपी वाट धरते. प्लेटवर घट्ट विणीचं फिल्टर कापड घाला. कॉलम स्प्रिंगवर घ्या, हवेची नळी लवचिक ठेवा. 3000 आरपीएमच्या आसपासची कंपनाची मोटर म्हणजे 50 हर्ट्झ. त्यावर मधल्या जागेपासून एका बाजूला 0.1 मिमी हलणं म्हणजे जवळपास एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). दीड-दोन जीपर्यंत मोटरच्या दांड्यावरच्या चकत्यांची वजनं सरकवत जा.

सगळ्यात महत्त्वाचं : हवा आधी, कंपन नंतर. बंद करताना कंपन आधी, हवा नंतर. हवेशिवाय हलवलंत तर माल ठासून बसेल आणि मग कुणाचं काही चालणार नाही.

घाईत_आहे
चाळणीच्या मशीनची जुनी मोटर पडून होती, तीच लावली. 2 किलो, दोन पदरी कापड, हवा तेवढीच. रिकामी प्लेट वजा करून बेडचा दाब 104 मिमी येतोय. भोकं सुरुवातीला दिसतात, मोटर चालू केली की मिनिटभरात बुजतात. भिंतीवर मात्र पांढरा थर आहेच. आणि आता फिल्टर बॅग भराभर भरतेय.

मॅनोमीटर
2 किलोला अपेक्षित 113, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर भार हवेवर आलाय. थर धरलेला माल पेलला जात नाही, बाकीचा फरक बहुतेक तिथलाच.

कोरडे_हवामान
अर्थिंगचं उत्तर अजून आलेलं नाही.

चाळणीवाला
गुठळ्या फुटल्या की धूळ उडणारच. हवा हळूहळू 20 लिटरपर्यंत खाली आणा आणि दाब पडायला लागतो तिथे थांबा. तरी बॅग भरत असेल तर कॉलमचं डोकं रुंद करा, वेग तिथे मरेल आणि माल परत खाली पडेल.

घाईत_आहे
बघतो. अर्थिंग प्लेटला आहे, वरच्या फ्लॅंजला नाही.