आजोबांची .३१५ बोअरची रायफल बदलून .३०-०६ बोअरची करून घ्यावी का?

आजोबांची इच्छापूरच्या रायफल कारखान्यातली .३१५ वारसाने माझ्या लायसन्सवर आलीय. बोल्टचा दांडा त्यांच्या हाताने घासून चकचकीत झालाय अजून. पण गोळ्यांची नुसती मारामार, म्हणून एकजण म्हणाला .३०-०६ करून घे. जमेल का?

रानवाट: कशाला नसता उद्योग! .३१५ ची गोळी ८ मिमीची, .३०-०६ ची ७.६२, म्हणजे बॅरल नवीनच लागणार. त्यात हिची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून झाडणारी यंत्रणा, जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलची, .३०३ च्या ५६ मिमी केसवर (काडतुसाच्या पितळी नळीवर) बेतलेली आणि .३०-०६ ची केस ६३ मिमी, मॅगझिनमध्ये बसायचीच नाही. तुझ्या काडतुसाला रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) आहे, .३०-०६ ला नाही, मग बोल्टचं पण काम आलं. वर .३०-०६ चं प्रेशर जास्त आणि हिचे लॉकिंग लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) मागच्या बाजूला. मी तरी गालाजवळ धरणार नाही बाबा.

जुनाखोड: आणि कायद्याचं काय? आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, कन्व्हर्ट करायला पण लायसन्स लागतं. गल्लीतल्या मिस्त्रीकडे तर अजिबात नेऊ नकोस. .३०३ चा विचारही नको, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं. लष्कराची .३०३ गोळी बाहेर चालू नये म्हणून तर ही .३१५ काढली ना.

मूळ प्रश्नकर्ता: बरं, राहू दे मग. .३०-०६ साठी वेगळी रायफल बघतो, ही तेल लावून आहे तशीच ठेवतो.