माडीच्या फळ्यांना तेल लावू की मेण? गणपतीआधी उरकायचंय

माडीकर
नमस्कार. गावच्या घराची माडी दुरुस्त करून घेतली, फळ्या घासून झाल्या. आता वर तेल लावायचं की मेण, एवढंच सांगा. सुतार म्हणतो तेल, भाऊ म्हणतो मेण. पीयू, मेलामाइन असलं चकचकीत पॉलिश नको, ती चकाकी मला लाकडावर बघवत नाही. गणपतीला घर भरलेलं असतं आणि निम्मी माणसं माडीवरच झोपतात. सुतार दोन दिवसांत पुढच्या कामाला जाईल, तेव्हा लवकर.

रंधा_पटाशी
लाकूड कुठलं? साग, फणस, ऐन, किंजळ? घर कुठे? घासण्याआधी फळ्यांवर काय होतं?

अळशी
डोळे मिटून तेल. डबल बॉइल्ड बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल आणा. पहिला हात निम्मं टरपेंटाइन घालून पातळ द्या, म्हणजे आत मुरतं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं फडक्याने पुसून काढा, नाहीतर ती चिकट साय कधीच जात नाही. मग असेच दोन पातळ हात. मेण नुसतं वर बसतं, लाकडाला आतून काही देत नाही.

मधमाशी
वर बसतं म्हणूनच तर लावायचं! आमच्या वाड्यातल्या सागाच्या फळ्यांना आजीच्या काळापासून मधमाशीचं मेण आहे. पायाला जो मऊपणा लागतो तो तेलाने येत नाही. दर दिवाळीला घासून पुन्हा लावतो.

अळशी
मधमाशीताई, तुमचा वाडा पुण्यात. ओला पाय पडला की मेणावर पांढरा डाग उठतो. कोकणात पावसाळ्यात कोरडा पाय आणायचा कुठून?

कुंकेश्वरी
आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावत. वाळवी जवळ फिरकत नाही. तेच लावा.

रंधा_पटाशी
वाशांना, होडीला ठीक आहे. पण त्याने लाकूड काळं पडतं आणि ओलं असताना कातडी भाजते. मुलं लोळतात त्या जमिनीला नको हो. माडीकर, माझ्या प्रश्नांची उत्तरं?

स्वच्छता_आवड
लाकडी जमीन पुसताना पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. आमचं लॅमिनेट नव्यासारखं आहे.

माडीकर
साग आहे. घर देवगडजवळ. आधी काय होतं कल्पना नाही, काळपट होतं.

श्टुटगार्टहून
इथे आमच्या घरात ओकची जमीन आहे, तिला हार्डवॅक्स ऑइल लावलंय. तेलात कार्नौबा मेण मिसळलेलं असतं. तेल मुरतं, मेण वर राहतं. चरा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा लावता येतो. भांडण मिटेल.

रंधा_पटाशी
वस्तू चांगली आहे, पण तीही हवेतला ऑक्सिजन घेऊनच सुकते, आणि सध्या देवगडात पाऊस धो धो आहे. सागाच्या अंगातले घटक वरचं तेल सुकू देत नाहीत, त्यात ही दमट हवा. आत्ता बेलतेल लावलंत तर गणपतीत चादरी फळ्यांना चिकटतील. जवसाच्या तेलावर बुरशीही झकास वाढते.

माडीकर
मग मेणच ना? भावाने देवाच्या खोलीत फर्निचरचं मेण लावूनही टाकलंय, छान दिसतंय.

रंधा_पटाशी
हे पहिल्या ओळीत हवं होतं! बाकी खोल्यांना आता मेण अजिबात लावू देऊ नका. मेणावर तेल मुरत नाही. दिवाळीनंतर तेल लावायचं म्हटलंत तर आधी सगळं मेण टरपेंटाइनने काढत बसावं लागेल. आणि जुन्या काळपट थराची खात्री करा: पांढऱ्या फडक्यावर टरपेंटाइन घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं पिवळट तपकिरी आणि तुळतुळीत झालं तर आधीही मेण होतं, अजून घासावं लागेल. लाकडाचाच रंग आला तर फळी मोकळी आहे.

माझं मत स्पष्ट: गणपतीला फळ्या कोऱ्याच ठेवा. झाडा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, वर चटया-सतरंज्या घाला. कोऱ्या सागाला महिन्या-दोन महिन्यांत काही होत नाही. पाऊस गेला, हवा कोरडी झाली की तेल.

मधमाशी
देवाची खोली मेणाची राहू द्या. तिथे ओले पाय फारसे येत नाहीत.

जुने_लाकूड
दुरुस्तीत काढलेल्या सागाच्या फळ्या विकायच्या आहेत का?

माडीकर
विकायच्या नाहीत. फडकं घासून बघितलं, लाकडाचाच रंग आला. सुताराला थांबवलं, तो नोव्हेंबरात येतो म्हणाला. भाऊ अजून नाराज आहे. माडीच्या जिन्याला तरी मेण चालेल का? आई चढते-उतरते, पायऱ्या खडबडीत आहेत.

अळशी
जिन्याला मेण मुळीच नको, पाय सटकेल. पायऱ्यांच्या कडा नुसत्या काचपेपरने मारा. आणि नोव्हेंबरात तेल लावाल तेव्हा तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटतो. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. सुताराच्या पोरालाही हे समोर उभं राहून सांगा.