वक्ता रद्द करायला सांगतायत, शनिवारी कार्यक्रम आहे – मदत हवी

कटिंगचहा : आमच्या मंडळाचं व्याख्यान शनिवारी आहे. काल सरांनी बोलावून सांगितलं, "हा वक्ता नको, दुसरा बघा." बॅनर छापून आलाय, वक्त्यांचं रेल्वेचं तिकीट काढलंय. असं करता येतं का त्यांना? लवकर सांगा, पोरं ग्रुपवर मला खातायत.

तिखटमीठ : कुठलं मंडळ? कुठले सर? वक्ता कोण?

निवृत्त_मास्तर : कॉलेज अनुदानित की खासगी? लेखी दिलंय की तोंडी? विषय काय? बाळा, प्रश्न नीट मांड आधी.

कटिंगचहा : वाङ्मय मंडळ. सर म्हणजे प्राचार्य. तोंडीच. कॉलेज अनुदानित. वक्त्यांचं नाव टाकलं तर धागा त्यांच्यावरच जाईल.

तिखटमीठ : म्हणजे त्यातलाच दिसतोय.

रानवारा : "त्यातला" म्हणजे कुठला? आधी बाजू बघायची, मग स्वातंत्र्य द्यायचं का?

ध्वनिक्षेपक : माईकची परवानगी काढली का? रात्री १० नंतर लावता येत नाही.

कटिंगचहा : सकाळी ११ वाजता आहे हो, बंद सभागृहात.

काळाकोट : १९(१)(अ), म्हणजे घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम, सगळेच तोंडावर फेकतात. ते मुळात सरकारच्या विरोधात चालतं, कॉलेजनं स्वतःचं सभागृह नाकारलं तर मामला वेगळा. पण कारण "गडबड होईल" हे असेल तर रंगराजन खटला दाखवा, १९८९ चा. निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारनं अभिव्यक्ती दाबायची नसते, तिला संरक्षण द्यायचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय.

निवृत्त_मास्तर : काळाकोट, प्राचार्यांना खटले दाखवून कुणाचं भलं झालंय? त्यांनाही वर संस्थाचालक आहेत. आमच्या वेळी आम्ही सरळ गावातलं कार्यालय भाड्यानं घ्यायचो.

रानवारा : म्हणजे मान खाली घालायची. २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं. झालं काय? न झालेलं भाषणच जास्त वाचलं गेलं.

सॅनहोजेकर : इकडे बर्कली विद्यापीठात २०१७ मध्ये मायलो यानापोलस या कट्टर उजव्या वक्त्याचं भाषण जाळपोळीमुळे रद्द करावं लागलं. म्हणजे दुसऱ्या बाजूलाही हेच चालतं.

तिखटमीठ : आलं अमेरिकेचं! विषय काय आहे ते कुणी सांगेल का?

कटिंगचहा : "१२४ अ : टिळकांपासून आजपर्यंत".

काळाकोट : अरे! त्याच राजद्रोहाच्या कलमाखाली टिळकांना १९०८ ला सहा वर्षं मंडालेला धाडलं. यावर बोलायला कोण अडवतंय?

रानवारा : अडचण टिळकांची नाही, "आजपर्यंत"ची आहे. कटिंगचहा, आजच मेल टाक. रद्द करायचं तर कारण लेखी द्या, असं लिही.

कटिंगचहा : टाकला.

कटिंगचहा : अपडेट. लेखी काही आलं नाही. शिपाईकाका निरोप घेऊन आले, "साहेब म्हणतात, वक्ते राहू देत, पण विषय टिळकांपर्यंतच ठेवा." वक्त्यांना फोन केला तर ते हसतच सुटले. म्हणाले, "चालेल, बॅनर मात्र दुरुस्त करा." बॅनरवरचं "पासून आज" एवढंच झाकलं की "टिळकांपर्यंत" होतंय! आठ फुटी बॅनरवर पांढरी पट्टी कशी चिकटवायची?

निवृत्त_मास्तर : पांढरी नको, बॅनरच्या रंगाची घे. नाहीतर सगळ्यांचं लक्ष तिथेच जाईल.

रानवारा : पांढरीच घे.

तिखटमीठ : फ्लेक्सवाल्याकडे स्टिकर मिळेल. आता तरी नाव सांग.