सनस्क्रीन लावलं की चेहऱ्यावर गोळ्या निघतात, कुठे चुकतंय?

सुदामानगर_इंदूर
सकाळचा क्रम असा: हायल्युरॉनिक सीरम (ओलावा धरून ठेवणारं), १० टक्के नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चं सीरम), जेल मॉइश्चरायझर, मग एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५० सनस्क्रीन. पहिले तिन्ही नीट बसतात. सनस्क्रीन पसरवायला घेतलं की हनुवटीवर आणि कानाजवळ खोडरबराच्या भुग्यासारखे पांढरे कण सुटतात. वरून ओढणी बांधून स्कूटी काढली की पलासियापर्यंत उरलंसुरलंही निघतं. सगळं ताजं आहे, तारीख तपासली. काय बदलू?

लेबल_वाचणारी
ताई, माल खराब नाही, थरांचं आपसात जमत नाहीये. सीरम आणि जेलमध्ये दाटपणासाठी झँथन गम, कार्बोमर असं काहीतरी असतंच, हायल्युरॉनिकचाही तोच गुण. पाणी उडालं की मागे पातळ पापुद्रा राहतो. तुमच्याकडे असे तीन पापुद्रे एकावर एक चढतात. त्यावर बोट घासलं की ते त्वचेवरून सुटतात आणि त्यांची वळी होते. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा भरपूर सिलिकोन (लेबलवर डायमेथिकोन) असेल तर हे आणखी लवकर होतं.

नायसिनामाइड रात्री न्या, ते सकाळीच लागतं असं काही नाही. हायल्युरॉनिक दोनच थेंब, मॉइश्चरायझर हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

तरी कण आले तर कोणामुळे येतात ते हातावर बघा. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला चार जागा धरा: एकीवर नुसतं सनस्क्रीन, दुसरीवर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, तिसरीवर सीरम आणि सनस्क्रीन, चौथीवर तिन्ही. दोन थरांमध्ये तीन मिनिटं जाऊ द्या, शेवटी प्रत्येक जागी बोट दहा वेळा फिरवा. पहिल्याच जागेवर भुगा आला तर बाकी काही बदलून उपयोग नाही, सनस्क्रीनच बदला.

रामबागवाली
मेलेली त्वचा साचली तरी असंच होतं. बेसनाचं उटणं रोज घासून लावा.

लेबल_वाचणारी
साचलेल्या त्वचेचं बरोबर, पण रोज घासणं नको. त्वचा सोलवटते आणि मग सालपटं जास्तच सुटतात. ५ टक्के लॅक्टिक ॲसिड (न घासता मेलेली त्वचा सोडवणारं) आठवड्यातून एकदा, रात्री, एवढं पुरे. उटणं लावतच असाल तर केसांच्या कडेला आणि कानापुढे पीठ अडकून राहतं, ते नीट धुवा. वळीत तेही गोळा होतं आणि दोष क्रीमवर येतो.

बडोदेकर
कण येतात म्हणून सनस्क्रीन कमी करू नका, ही चूक फार जण करतात. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढली की चेहरा आणि मानेपुरतं होतं. एकदम सगळं न लावता आधी एक बोट, दोन-तीन मिनिटांनी दुसरं.

ठिपके देऊन पसरवा, एका दिशेने. बोटाला किंचित ओढ लागली की हात उचला. त्यानंतरचा प्रत्येक हात अर्धवट सुकलेला थर उपटतो. भुगा नेमका इथेच होतो.

हवेचंही बघा. मे महिन्यात तुमच्याकडे कोरड्या हवेत पंख्याखाली मॉइश्चरायझर चार-पाच मिनिटांत बसेल. पावसाळ्यात, किंवा पाण्याच्या कूलरसमोर, दुप्पट वेळ धरा. गालाला हाताची मागची बाजू टेकवा, चिकट लागलं तर अजून थांबा.

ओढणी पंधरा मिनिटांनी, सुती आणि मऊ. बांधताना ओढून सरकवू नका, आधी गालावर ठेवा आणि मग मागे गाठ मारा.

सुदामानगर_इंदूर
आणि निघायच्या वेळीच कण आले तर? सगळं धुवायचं? की मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र करून लावलं तर चालेल?

बडोदेकर
एकत्र करू नका. सनस्क्रीन पातळ होतं, थर सारखा बसत नाही, मग किती संरक्षण उरलं ते सांगता येत नाही. कण आले तर चोळू नका. कापूस पाण्यात भिजवून घट्ट पिळा, दाबून कण टिपून घ्या. तिथलं सनस्क्रीनही निघालेलं असतं, म्हणून जागा सुकली की तेवढ्याच भागावर पुन्हा थापटून लावा. पूर्ण चेहऱ्यावर भुगा झाला असेल तर मात्र धुवा, आणि फक्त मॉइश्चरायझर व सनस्क्रीन लावून निघा.